चावीचा बाजा अन् शकुनचा मामा

…अन् वरतून मलेच म्हणते, "चाचा, तुमाले घेताच येत नाई!" मले! पन्नास वर्सं मूर्तिजापूरच्या बैलबाजारात ज्यानं दात पाहून वय सांगितलं, चाल पाहून खोड सांगितली, त्या खुशालरावले अकोल्याची एक बाई फोनवर म्हणते, घेता येत नाई! तुमाले सांगतो, मी काही बोलणारा माणूस नाई. दिवसाकाठी दहा शब्द बोललो तर शकुन कपाळाले हात लावून पाहते, "ताप तं नाई ना वो?" पण हे पोटात राहून नाई राहिलं…

शकुन म्हणजे आमची घरधनीण. लग्न होऊन आली तवा संग एक तवा आणला तिनं. भाकरीचा नाई हो, गाण्याचा! काळा, चकचकीत, लुगड्यात गुंडाळलेला. "माह्या नत्थुमामानं गायलं हाय यात," म्हणे. आता गाणं असन, पण वाजवाव कशावर? घरात चावीचा बाजा, तो ग्रामोफोन, नाई, गावात बी नाई, तव्यावरचा कागद उधईनं खाल्ला, नाव गेलं, गाव गेलं. मंग काय! पन्नास वर्सं गावाले फुकटचा तमाशा. "शकुनबाई, मामाच्या तव्यावर दोन भाकरी टाका न!" बाया हसत, पोट्टे हसत, अन् खोटं कायले बोलू, सगळ्यात जास्त मीच हसलो असन.

मांगच्या दिवाळीले जावई आले अन् जावई बी तेच बोलले. शकुन उठली, तवा काढला, पदरानं पुसला, अन् सरळ चुलीपाशी! "मेलेल्या माणसाची हसाई आता पुरे. जाळून टाकाव." कसा हिसकला मी तो तवा, माह्या हाताले ठाऊक. तवा वाचला, पण शकुन मुकी झाली. माह्यासारख्या मुक्या माणसाच्या घरात बायको बी मुकी झाली तर कसं होते सांगा? दोघं जेवून राहिलो अन् नुसते दात ऐकू येतेत!

ते साल बोंडअळीचं. कपाशी गेली, बैलजोडी विकली, गोठा रिकामा. पोरानं पुण्याहून हा बोटानं सरकवायचा फोन धाडला होता, तो घेऊन मी गोठ्यात बसो. एक दिवस सरकवता सरकवता काय दिसलं? पेटीतला बाजा! झाकण लावलं की सुटकेस, हातात धरून न्यावा असा. चावी भरा अन् ऐका, लाईटीची गरज नाई. अन् आमच्याकडं लाईट किती घंटे राहते, हे काय मी तुमाले सांगाव? विकणे हाय, गाव अकोला. खाली नंबर.

तुमी म्हणसान, अकोला काय विलायतेत हाय, जाऊन पाहाव. अवो, पण शकुनले न सांगता मी कधी एसटीत बसलो नाई! अन् सांगाव, तिनं आस धराव, अन् बाजाच भंगार निघाव? त्याच्यापेक्षा फोन बरा. लावला. तिकडून नईमा. बाप अब्दुल सत्तार, बाजे दुरुस्त करणारा कारागीर, दोन सालाखाली वारला, त्याचा हा शेवटचा बाजा.

"दाखव बाई," म्हणलं. फोनात बाजा दिसला. काळी पेटी, आत हिरवी मखमल… मी म्हणलं, "झ्याक हाय. धाडून दे."

"झ्याक क्या झ्याक! चाचा, तुमाले घेताच येत नाई! काही विचारा ना! स्क्रू कैसे है, पूछो!"

"बरं… स्क्रू कसे हायेत?"

"आता कसं! हे पाहा, डोक्यावर एकच रेघ. बेरजेची खूण असती तर समजाव, नवा माल, जुन्याचं सोंग. अन् झाकणावरचा कंपनीचा शिक्का पाहून भाळू नका. तो जुना नाई, अब्बानं मागून चिकटवला."

तुमाले सांगतो, बाजारात मी बैलाच्या शिंगाले रंग लावून वय चोरणारे पाह्यले. अन् ही बाई आपल्या मालाचा रंग आपणच खरडून दाखवते! आता सांगा, याले विकणं म्हणतेत का?

मंग चावी भरली तिनं. "कान लावा चाचा. आतून ढब्ब असा आवाज आला तर स्प्रिंगची कमान तुटकी." मी फोन असा कानात कोंबला… ढब्ब नाई. मंग फिरत्या चकतीच्या मखमलीवर कागदाची चिठ्ठी ठेवली, वर तिच्या घरचा एक तवा ठेवला, चिठ्ठीचं टोक बाहेर, अन् म्हणे, "घड्याळ काढा. एका मिनिटात चिठ्ठी अठ्ठ्याहत्तर खेपा समोरून गेली पाहिजे." मी गोठ्यात बोटं मोजून राहिलो, ती अकोल्यात मोजून राहिली, अन् माहे भरले चौऱ्याहत्तर.

"असू दे न बाई, चार इकडं का तिकडं!"

"असं कसं असू दे? चार कमी म्हणजे गाणारा सुस्त, आवाज जाडा. तुमचा मामा पेंगून गायला, तर गाव ऐकन का?"

मामाचं मी तिले कधी सांगितलं, मलेच आठवत नाई! माह्यासारख्या माणसाच्या पोटातलं तिनं दोन फोनात काढून घेतलं. बारकासा स्क्रू पिळला, पुन्हा मोजलं, पुन्हा पिळला… अठ्ठ्याहत्तर! तरी बाई थांबते का? "आवाजाच्या डबीतलं रबर दगड झालं. असं धाडलं तर मामाचा आवाज फाटन. मी बदलते, आठ दिवस लागतीन." मी घ्याले आतुर, अन् विकणारी म्हणते थांबा! याले विकणं म्हणतेत का?

आठ दिवसांनी फोन. मले वाटलं, धाडला. कुठचा! "चाचा, आता मी विचारते, तुमी सांगा. ठेवसान कुठं? उंदीर हायेत का? तव्याच्या दर बाजूले नवी सुई लागते, घासलेली सुई तवा कापते, हे ध्यानात राहीन का? चावी भरून तशीच तर नाई ठेवणार? रोज वाजवसान ना? माह्या घरी कोणी हात लावत नाई, पडून पडून आतलं वंगण गोठन अन् मरन तो."

अन् तुमाले सांगतो, हे सवाल माह्या ओळखीचे निघाले. बैलजोडी विकली, तवा मी बी त्या घेणाऱ्याले असाच धरला होता. पाणी कुठलं पाजशीन? हाकताना पुराणीची आर टोचशीन का? तो बिचारा म्हणे, "बुवा, बैल देता का पोरगी देता?" रिकाम्या गव्हाणीपाशी बसून मी नईमाले एकेका गोष्टीचं उत्तर दिलं. शाळेत बी कधी इतकं खरं बोललो नाई.

शेवटी म्हणे, "तुमचा तवा दाखवा." दाखवला. बराच वेळ पाह्यला तिनं. "भेग नाई. पण आवाज कोणाचा, हे वाजल्याशिवाय कोणी सांगू शकत नाई. मामा नाई निघाला, तर बाजा परत धाडा. मी ठेवून घेईन." आता सांगा हो… याले विकणं म्हणतेत का?

बाजा आला. मी ओट्यावर मांडला, अन् मांडायच्या आतच अर्धं गाव जमलं. शकुन दारातच उभी, पुढं येईना. मी चावी भरली, नवी सुई लावली… खरखर, खरखर… अन् एक बाप्या गायला लागला. भजन. गोड आवाज! पण कोणाचा? भजन तर कोणी बी गाते! गावचे नामदेव पाटील मिशीत हसून राहिले, पोट्टे एकमेकाले कोपर मारून राहिले, मी शकुनकडं पाहायची हिंमत करेना… अन् शेवटचं कडवं आलं, अन् बाजातून साफ आवाज, "नत्थू म्हणे, देवा…"

नत्थू म्हणे! भजनात नाव गुंफून ठेवलं होतं मामानं! नामदेव पाटलानं डोक्यावरची टोपी काढली. शकुन रडली नाई काही. दारातूनच म्हणाली, "ऐकलं?" बस्स, एवढंच.

पण त्या दिवसापासून तिचं तोंड जे सुटलं! मामा खरा, तर तिचं सगळंच खरं! माह्या काकानं लग्नात तेरा लाडू खाल्ले, खरं. माह्या मायनं तिले पहिल्या सणाले उष्ट्या ताटात वाढलं, खरं. काही बोलाव तर म्हणते, "मामा खोटा होता का?" अन् काल पुन्हा तेच जुनं काय म्हणते? "तुमच्या आधी बडनेऱ्याचं स्थळ आलं होतं मले. रेल्वेत होता. गोरा होता. गात बी होता."

पन्नास वर्सं याले मी थापच समजत होतो हो…

असन आता. रेल्वेवाला बी असनच.