पाइपाच्या अंगावर आठ मजल्यांचे कपडे

...नाही, थंडी पडावी, माझं काही म्हणणं नाही, पण तिने इतकं घरात घुसावं? तुम्हाला सांगतो, यंदा आमच्या बल्गेरियातल्या पर्निकमध्ये उणे वीस! थुंकलं की खाली टणकन् आवाज! आणि आमच्या आठ मजल्यांचं पाणी चढतं तळघरातल्या एकाच पाइपातून. मागे एकदा तो गोठून फुटला, तेव्हा अगदी वर राहणाऱ्या म्हाताऱ्या स्तामेनामावशी बर्फ वितळवून चहा करत होत्या... जाऊ दे, आठवलं तरी दात वाजतात.

तर आमचा इमारतप्रमुख रादोस्वेत. टाय लावून कचरा टाकायला जाणारा माणूस! त्याने जिन्यात फर्मान काढलं, "पाइपाशी हीटर लावायचा! रात्रंदिवस!"

झालं! अहो, त्याच तळघरात आख्ख्या इमारतीचा कोबी! घरटी एक पिंप. मिठाच्या पाण्यात मुरत बसलेला, त्याला हवा गारवा. ऊब लागली की गिळगिळीत! हीटर लावला तर कोबी गेला, नाही लावला तर पाइप गेला. पाइपाला कोबी कळत नाही, कोबीला पाइप कळत नाही!

मी गप्प बसावं ना? छे! दारोदार जाऊन बायकांच्या कानात फुंकलं, "हीटर पोचला हो खाली!" चहा निवायच्या आत जिना भरला. खालच्या मजल्यावरची द्रागिन्का तर थेट हीटरच्या वायरीवर उभी! "माझ्या पिंपाजवळ आणलास तर तुलाच पिंपात घालीन, टायसकट!"

रादोस्वेत टाय सावरत ओरडला, "आणि पाइप फुटला तर आंघोळ कोबीच्या पाण्याने करणार का, बाई?"

खरंच की! पाइपाला कोबी कळत नाही... आणि माझी जीभ वळवळली, "एवढा गारठतोय तर स्वेटर घाला की त्याला!"

गंमत केली हो! पण कोणी हसेचना. कठडा धरून उतरलेल्या स्तामेनामावशी म्हणाल्या, "मनोल, तोंड उघडलंस ना? आता कोट काढ."

आणि मग काय सांगू! पाइपावर पहिला चढला माझा कोट! स्वेटर आले, मफलर आले, घोंगड्या आल्या, तळघराच्या फुटक्या खिडकीत पोती कोंबली. मावशींनी आणलं नवऱ्याचं खाणीतलं जाड जाकीट. पाइपाला चढवलं, गळ्यापर्यंत बटणं लावली. "ते कधी गारठले नाहीत, हा कसा गारठतो बघते." रादोस्वेतने टाय सोडला आणि पाइपाच्या वळणावरची शाल करकचून बांधली! वर्षानुवर्षं एकमेकांना नमस्कार न करणारी घरं, अन् त्यांच्या बाह्या एकमेकींच्या गळ्यात! मी टोपी काढली हो... आपोआप.

वर मावशींनी रात्रभर नळाची बारीक धार सोडून ठेवली, वाहतं पाणी सहसा गोठत नाही म्हणून. सकाळी त्यांच्या स्वयंपाकघरात ही गर्दी! धार चालूच! मावशींनी नळ पूर्ण सोडला... धो धो! द्रागिन्काने क्रूसाची खूण केली आणि पिंपातला कोबी चावून दाखवला. कर्रकन्!

मी बायकोचा गाऊन पांघरून कुडकुडत म्हटलं, "मावशी, आता माझा कोट? गोठतोय हो!"

त्यांनी मला खालीवर न्याहाळलं. "मनोल, तू गोठलास तर एकटाच गोठशील. तो गोठला तर आख्खी इमारत."

बोला! रोज खाली जातो, पाइपाच्या जाकिटाचं वरचं बटण निघालेलं असतं... लावून येतो.