उशीवरच्या दोन कॅप्सूल

माझे नाव ओंकार बबनराव शिंगारे, वय २२ वर्षे, धंदा कंत्राटी मजुरी (सध्या बंद), राहणार यशवंतरावांची चाळ, महाळुंगे, मूळ राहणार तालुका जिंतूर, जिल्हा परभणी.

समक्ष हजर राहून माझ्या हाताने लिहून देतो की, हा जबाब मी आमच्या खानावळवाल्या केसरबाई गेल्या त्याच दिवशी द्यायला पाहिजे होता. दिला नाही, टाळत आलो. साहेबांनी निरोपही पाठवला होता. तेव्हा मी पोलीस ठाण्याच्या कोपऱ्यापर्यंत आलो, पण तिथे वळणावर एक कंटेनर अडकला होता, तो कसा काढतात ते बघत उभा राहिलो आणि संध्याकाळ झाली. आज आलो तो माझा खाटेचा जोडीदार ज्ञानेश याचा तपास लागावा म्हणून. केसरबाई ज्या कॅप्सूलने गेल्या, तीच त्यानेही खाल्ली असावी असा मला संशय आहे. तो कुठेतरी पडला असेल. बोलताना मी भलतीकडे जातो, म्हणून साहेबांनी कागद पुढे केला आणि म्हणाले, "तूच लिही, पण सरळ लिही." सरळ लिहितो.

आमच्या खोलीत सहा खाटा आणि बारा माणसे आहेत. एका खाटेला दोघे, एक दिवसपाळीचा आणि एक रातपाळीचा. मी सकाळी कंपनीच्या बसला गेलो की ज्ञानेश येतो, मी परत येईपर्यंत तो निघून गेलेला असतो. खाट कधी गार पडत नाही. म्हणून पावसाळाभर एका खाटेवर झोपूनही मी त्याचा चेहरा पाहिलेला नाही. सुट्टीला मी खोलीत थांबत नाही, मला एका जागी बसवत नाही. एका रविवारी तेवढा दिसला, तोही डोक्यावरून चादर घेऊन भिंतीकडे तोंड करून झोपलेला. फक्त पाय दिसले. त्याचे आडनाव मला माहीत नाही. खोलीतल्या गणराजला विचारले तर तो म्हणाला, "भावा, आम्हाला काय विचारतो? संसार तुझा आहे." सगळे हसले, मीही हसलो. तो आधी तळवड्याला होता, मग थेरगावला, आणि तिथून इकडे आला, एवढे केसरबाईंकडून कळले होते. माझ्यासारखाच फिरता माणूस, असे मला वाटले आणि बरे वाटले.

आमच्या चाळीत पद्धत आहे. खाट सोडून जाणारा मागून येणाऱ्यासाठी उशीवर काहीतरी ठेवतो. चिक्की, भडंगाची पुडी, कधी नुसते लिंबू. ज्याने ठेवले त्याला कोणी विचारत नाही, आणि उशीवरचे कोणी नाकारत नाही. मी एकदा गावाकडचा खवा ठेवला होता, त्याचा प्लॅस्टिकचा कागद धुऊन वाळत घातलेला सापडला. आमच्या उशीला कापूर आणि लवंगेच्या बामचा वास असायचा. त्याचेही डोके दुखत असेल असे मी धरून चाललो. माझे रोजच दुखते. मी कंपनीत पत्रा दाबायच्या प्रेसवर होतो, तिथला आवाज घरी येऊनही थांबत नाही.

चाळीच्या खालच्या खोलीत मयत केसरबाई खानावळ चालवायच्या. आमचे एकमेकांचे निरोप त्यांच्याकडेच असायचे. मला वाढताना म्हणायच्या, "तुजा जोडीदार इचारीत हुता रं, त्याचं डोकं दुखायचं थांबलं का म्हून. लई काळजी हाय बाबा तुजी." मी म्हणायचो, "मावशी, त्याला सांगा, डोकं आहे म्हणून दुखतंय." त्या म्हणायच्या, "तेच तर म्या त्याला इचारलं, की हाय का त्याला."

मागच्या महिन्यातल्या दुसऱ्या सोमवारी माझी बस चुकली. चुकली म्हणजे मी स्टॉपवर होतो, पण रस्त्यापलीकडे एकाचे कबुतर तारेत अडकले होते. कामावर गेलो नाही. दुपारी डोके ठणकायला लागले म्हणून चाळीच्या कोपऱ्यावर गोजाबाईंच्या किराणा दुकानात गेलो. त्या डोकेदुखीच्या कॅप्सूलची पाकिटे कात्रीने कापून तुकडे बरणीत ठेवतात. लाल-पिवळी कॅप्सूल, एका तुकड्यात दोन. अख्खे पाकीट आमच्यात कोणी घेत नाही, आणि तुकडा उलटा करून मागची चांदी कोणी बघत नाही. गोजाबाई आत पोहे मोजत होत्या. बरणीपाशी एक इसम उभा होता. त्याचा हात बरणीत होता.

त्याने हात बाहेर काढला तेव्हा तो रिकामा होता. परत खिशात घातला आणि परत बरणीत नेला. तो बरणीतून काढत नव्हता, ठेवत होता. मी म्हटले, "काय राव, लोक नेतात आणि तुम्ही ठेवताय?" तो हसला. चांगला हसला, ओशाळला वगैरे नाही. म्हणाला, "जास्तीच्या नेल्या होत्या, परत करतोय. मावशीचं नुकसान कशाला?" मला तो माणूस आवडला, खरे सांगतो. वय तिशीच्या पुढचे, गहूवर्णी, स्वच्छ दाढी, बाह्या मनगटापर्यंत बंद. तो माझ्याकडे बघून म्हणाला, "डोकं दुखतंय ना तुझं?" मी विचारले, "तुम्हाला कसं कळलं?" तो म्हणाला, "दिसतं की. ही घे," आणि बरणीच्या अगदी वरचा तुकडा काढून माझ्यापुढे धरला. त्याच्या हाताला वास होता. ओळखीचा वाटला. आमची आजी कपाळाला असेच काहीतरी चोळायची, मला तिचीच आठवण झाली.

मी हात पुढे केला होता. तेवढ्यात आमच्या ओळखीच्या टेम्पोवाल्या बंटीने रस्त्यावरून हॉर्न दिला. तो आळंदीकडे कांद्याच्या रिकाम्या गोण्या टाकायला चालला होता. म्हणाला, "येतो का?" मी पळत जाऊन मागे बसलो. कॅप्सूल घेतली नाही. टेम्पो वळेपर्यंत तो इसम हात तसाच पुढे धरून उभा होता.

दुसऱ्या दिवशी मंगळवारी सकाळी मी केसरबाईंकडे चहा प्यायला बसलो होतो. त्यांनी दोन कॅप्सूल पाण्याबरोबर घेतल्या. म्हणाल्या, "गोजाबाईकडून आणल्या, कपाळ लई धरलंय." मग त्यांनी एक भाकर थापली आणि तव्यावर टाकली. त्यानंतर त्या परातीवर पडल्या. मी त्यांना उचलले. तोंडाला फेस होता. गणराज आणि आणखी दोघांनी त्यांना रिक्षात घातले. रिक्षात मला जागा नव्हती. मी आत आलो, भाकर उलटली, शेकली, उतरवली आणि गॅस बंद केला. भाकरीचे पुढे काय केले ते साहेबांनी विचारले म्हणून लिहितो की, ती मी खाल्ली.

केसरबाई रस्त्यातच गेल्या. दुपारी पोलिसांनी गोजाबाईंचे दुकान आणि बरणी सील केली. तळवड्यात एक माणूस आणि थेरगावात एक बाई अशाच कॅप्सूलने गेल्याचे मला तेव्हा कळले. मी पेपर वाचत नाही. गोजाबाई ओट्यावर बसून येईल त्याला सांगत होत्या, "माझ्या बरणीत माझ्याशिवाय कुणाचा हात जात न्हाई." मी तिथे उभा होतो. मी सोमवारचे सांगायला पाहिजे होते.

मी खोलीत गेलो. संध्याकाळ होत होती, ज्ञानेश नेहमीसारखा निघून गेलेला होता. खाट अजून गरम होती. उशीवर लाल-पिवळ्या कॅप्सूलचा एक तुकडा ठेवलेला होता. दोन कॅप्सूल. तुकडा उलटा केला तर मागची चांदी ब्लेडने चिरून डिंकाने परत चिकटवलेली होती. नीट हात फिरवला तरच लागते.

माझ्या मनात आले की, ज्ञानेशनेही त्याच बरणीतून कॅप्सूल आणल्या. पद्धतीप्रमाणे दोन माझ्यासाठी ठेवल्या आणि स्वतःच्या घेऊन कामावर गेला. तो दुसऱ्या दिवशी सकाळी आला नाही. त्यानंतर आलाच नाही. सदरचा तुकडा मी रुमालात बांधून ठेवला होता, तो आज साहेबांकडे जमा केला आहे.

तेव्हापासून मी त्याला शोधत आहे. महाळुंगे, निघोजे, तळवडे, जिथे रातपाळी चालते त्या गेटांवर जाऊन आलो. वॉचमन विचारायचे, "दिसायला कसा?" मी सांगायचो, "वासावरून सांगता येईल." प्रत्येक गेटवर माझे नाव आणि निरोप ठेवला, की ज्ञानेश, जिवंत असशील तर ठाण्यात ये, मी तिथे जाणार आहे. पिंपरीच्या मोठ्या दवाखान्यात बेवारस प्रेत आल्याचे ऐकून तिथेही गेलो. गणराजची पाळी होती, म्हणून एकटाच गेलो. चादर बाजूला केली, पण चेहरा ओळखणार कसा? मी वाकून वास घेतला. तिथला कर्मचारी म्हणाला, "ए, काय करतोस?" मी सांगितले, "आमचा नाही."

सोमवारच्या इसमाला परत पाहिल्यास ओळखीन. माझी एवढीच विनंती आहे की, त्या इसमाचा तपास व्हावा, पण आधी ज्ञानेशला शोधावे. इतके दिवस रोज कोणीतरी माझ्या डोक्याची विचारपूस करत होते, ते मी कधी परत केले नाही.

वरचा मजकूर हवालदार साहेबांनी मला मोठ्याने वाचून दाखवला. मी लिहिला तसाच आहे, खरा आहे.

सहीच्या आधी आणखी थोडे वाढवतो. वाचून होत असतानाच बाहेरून शिपाई आला आणि म्हणाला, "साहेब, याचा तो ज्ञानेश स्वतः आलाय. गेटवर निरोप मिळाला म्हणतो." साहेबांना आनंद झाला. मला म्हणाले, "बघ, सापडला तुझा माणूस." त्याला माझ्याशेजारी बाकावर बसवले आहे आणि साहेब आत फोन घ्यायला गेले आहेत. हवालदार साहेब माझ्या कागदाची वाट बघत आहेत. खोलीत कापूर-लवंगेचा वास आला आहे. बाह्या मनगटापर्यंत बंद आहेत. तो माझ्याकडे बघून हसला, सोमवारी बरणीपाशी हसला होता तसाच, आणि म्हणाला, "काय रे, डोकं दुखायचं थांबलं का?" आमच्यासाठी दोन चहा आले होते. त्यातला एक त्याने स्वतः उचलून माझ्यापुढे सरकवला आहे.

मी चहाला हात लावलेला नाही. मी बोलत नाही, लिहितो आहे, म्हणजे मी अजून जबाबच पुरा करतोय असे त्याला वाटेल. सहीच्या वरच्या या ओळी कृपा करून मोठ्याने वाचू नयेत.

ओंकार बबनराव शिंगारे