आवाज आतून येतोय

(अम्मान, शनिवारची दुपार. उम्म सैफच्या घरातल्या न्हाणीघराचं दार.)

रुदैना : चोवीस दिनार, खाला. आणि आधीच सांगते, घासाघीस केलीत तरी चोवीसच.

उम्म सैफ : मी कुठे केली घासाघीस? मी एवढंच विचारलं, चोवीस कशाकशाचे.

रुदैना : फ्लशच्या टाकीतला अख्खा संच, नऊ. भिंतीजवळचा कॉक झिजलाय, त्याचे चार. माझी मजुरी अकरा. स्वयंपाकघरातल्या नळाचं वॉशर त्यातच आलं.

उम्म सैफ : संच नऊलाच मिळतो.

रुदैना : हे तुम्हाला कुणी सांगितलं?

उम्म सैफ : परवा दुकानात जाऊन आले. आधी बारा म्हणाला. मी म्हटलं, नळवाल्याच्या बायकोला बारा सांगतोस? मग नऊवर आला.

रुदैना : तुमचे मालक नळाचं काम करायचे?

उम्म सैफ : छे गं! शाळेत भूगोल शिकवायचे. जगातल्या सगळ्या नद्या पाठ, पण घरातलं वॉशर कधी बदलता आलं नाही. अल्लाह त्यांना सुखात ठेवो.

अबू नाएल : वहिनी! दार सताड उघडं, आत ठोकाठोक चाललेली. काय प्रकार आहे?

उम्म सैफ : या भावोजी. ही रुदैना. नळाची कामं करते. रुदैना, हे माझे धाकटे दीर, वरच्या मजल्यावर राहतात.

अबू नाएल : करते म्हणजे? हिचा बाप करतो की नवरा?

रुदैना : बाप भट्टीत पाव भाजायचा, काका. नवरा अजून मिळायचाय. पाना माझाच आहे.

अबू नाएल : जीभ बरी चालते. किती मागतेय?

उम्म सैफ : चोवीस.

अबू नाएल : चोवीस! आपला नळवाला अबू शादी पंधरात करून देतो. पुरुषाचं काम, आणि नऊ दिनार कमी.

रुदैना : काय करून देतात पंधरात?

अबू नाएल : जे काय असेल ते.

रुदैना : बघून सांगितलं त्यांनी?

अबू नाएल : त्यात बघायचं काय? मी फोनवर म्हटलं, वहिनींकडे पाणी टिकत नाही. तो म्हणाला पंधरा. घरचा माणूस आहे तो. पैसे विचारले की म्हणतो, 'राहू द्या हो, आपलंच घर.'

उम्म सैफ : म्हणतो तसं. मग नऊ घेतो. तीनदा घेतले.

अबू नाएल : तीनदा काम केलं म्हणून घेतले! गच्चीवरच्या टाकीचा बॉल कॉक वर्षभरात तीन वेळा बदलला.

रुदैना : एका वर्षात तीन? मी आत्ताच वर जाऊन आले, काका. बॉल कॉक ठणठणीत आहे. पहिलाही ठणठणीतच असणार. काढलेले कुठे आहेत?

अबू नाएल : ते मी कशाला जपून ठेवू? तो घेऊन गेला.

रुदैना : वा. मी काढलेलं सामान गिऱ्हाइकाच्या हातात देते.

अबू नाएल : जास्त शहाणपण नको. मग तूच सांग, पाणी जातं कुठे? आठवड्यातून एकदा, गुरुवारी पाणी येतं, टाकी काठोकाठ भरते, सोमवारी खडखडाट. तेवढीच टाकी माझी. घरात नऊ माणसं, तरी बुधवारपर्यंत ओढतो. इथे एकटी बाई! वापर कसा करायचा ते कळत नाही, दुसरं काय.

उम्म सैफ : ऐकलंस, रुदैना? म्हणून उद्या सगळे जमणार आहेत. दोन्ही नणंदा, त्यांचे नवरे, भाचे. मला घर सांभाळता येत नाही असं ठरवायला.

अबू नाएल : तसं कोण म्हणतंय?

उम्म सैफ : मी वर यांच्याकडे जायचं, जिन्याजवळच्या खोलीत. एक पलंग मावतो तिथे. आणि इथे यांचा मुलगा नाएल लग्न करून राहणार.

अबू नाएल : तुमच्या भल्यासाठीच ना? दर सोमवारी माझ्या दारात बादली घेऊन उभ्या राहता. मला वाईट वाटतं.

उम्म सैफ : मला वाटत नसेल?

रुदैना : काका, एक सांगा. अबू शादी या न्हाणीघरात कधी आले होते?

अबू नाएल : इथे? परका पुरुष, घरात एकटी बाई! तो बाहेरच्या जिन्याने वर गेला आणि तसाच खाली आला. मी इथे दारात उभा होतो. वहिनींना आतल्या खोलीत दार ओढून बसायला सांगितलं. रीत आहे आपली.

उम्म सैफ : आणि मी दाराआडून ओरडून सांगितलं, आवाज आतून येतोय, न्हाणीघरातून, सारखं सूं सूं चालू असतं. तुम्ही त्याला काय म्हणालात, आठवतंय?

अबू नाएल : वर्ष झालं त्याला.

उम्म सैफ : 'एकट्या बाईला कसलेही आवाज ऐकू येतात.' तो हसला. मी पलंगावर बसून ऐकलं. नंतर दोनदा आला तेव्हा मी बोललेच नाही. ती माझी चूक.

रुदैना : खाला, घरात काही लाल रंगाचं आहे? बिटाचं पाणी, जास्वंदीचं कर्कदे, काहीही.

उम्म सैफ : कर्कदे आहे. सकाळीच उकळून ठेवलंय.

रुदैना : आणा. हे बघा, फ्लशच्या टाकीत ओतलं. आता फ्लश कुणी दाबायचा नाही. काका, तुम्ही या स्टुलावर बसा आणि भांड्यात बघा.

अबू नाएल : मी संडासात बघत बसू? वेड लागलंय का तुला?

उम्म सैफ : बसा, भावोजी. तीनदा गच्चीवर बघितलंत. एकदा इथे बघा.

अबू नाएल : ...काही नाही दिसत. साधं पाणी आहे.

रुदैना : घाई कशाला? बसा.

अबू नाएल : उगाच थट्टा लावलीय माझी. हा कसला... थांब.

उम्म सैफ : काय झालं?

अबू नाएल : गुलाबी झाल्यासारखं वाटतंय.

रुदैना : वाटतंय की झालंय?

अबू नाएल : झालंय. लाल झालंय, वहिनी. कडेने धार लागलीय.

उम्म सैफ : रात्रंदिवस लागलेली असते ती. वर्षभर. आणि मी डोकं धुवायचं सोडून दिलं होतं. आठवड्यातून एकदा, तेही तांब्या मोजून. मलाही वाटायला लागलं होतं की मीच कुठेतरी सांडते.

अबू नाएल : मला काय माहीत? मला कुणी...

उम्म सैफ : मी सांगितलं होतं.

अबू नाएल : बरं, बरं. दोष तर कळला ना? आता अबू शादीला सांगतो, पंधरात हेच करून दे म्हणून.

उम्म सैफ : परका पुरुष ना तो? रीत काय झाली?

अबू नाएल : वहिनी, तुम्ही शब्दात पकडता. ठीक आहे, पोरी. वीस घे. मीच देतो, जा.

रुदैना : चोवीस.

अबू नाएल : बाई असून एवढा ताठा?

रुदैना : बाई आहे म्हणून चार कमी? संच मला बाईच्या भावात मिळत नाही. सहा महिन्यांत थेंब गळला तर फुकट येईन, पण आज चोवीसच.

उम्म सैफ : पाकीट खिशात ठेवा, भावोजी. घर माझं, पाणी माझं, पैसे माझे. सत्तावीस दिलेत मी, न बिघडलेल्या वस्तूचे. हिचे चोवीस बिघडलेल्या वस्तूचे आहेत, आणि एकेक दिनार कशाचा ते हिने विचारल्याबरोबर सांगितलं. वाजवी आहेत. हे मी ठरवलंय. रुदैना, कर काम.

रुदैना : केलंच म्हणा.

अबू नाएल : मग... उद्या सगळ्यांना नको म्हणून कळवू का?

उम्म सैफ : नको कशाला? येऊ देत की. फक्त उद्या नको. या गुरुवारी टाकी भरली की त्याच्या पुढच्या बुधवारी बोलवा.

अबू नाएल : बुधवारी? पाण्याच्या शेवटच्या दिवशी?

उम्म सैफ : हो. सगळ्यांना बोलवा, पोराबाळांसकट. चहा मी करीन, आणि कपही मीच विसळीन.