मागची गाडी

गॅरेजच्या बाकावर माझ्या शेजारी एक नवरा-बायको बसले होते.

“तो मागून हॉर्न बडवतोय, पुढे जाताना शिव्या देतोय, आणि तुम्ही गप्प?”

“वेग कमी केला, गाडी कडेला घेतली. जाऊ दिलं त्याला.”

“तुम्ही? सिग्नलला उतरून लोकांची गचांडी धरणारे?”

“साहेबांची गाडी होती, ओरखडा नको म्हणून.”

“याआधी कुठे सुचलं होतं हे? कुठंतरी पाणी मुरतंय. कोण होता तो?”

“आरशात पाहिलं तर मागे आपलीच गाडी. पोरगा चालवत होता.”

“अगं बाई! त्यानं ओळखलं नाही तुम्हाला?”

“त्या रागात समोरचं तोंड दिसतं का कुणाला?”

“आणि शिव्या?”

“माझ्याच. एकही विसरला नव्हता.”