नित्याचे पाच पॉइंट

अरे, आमच्या मुलुंडच्या क्लबात स्क्वॉशची टूर्नामेंट होती. कच्च्या खेळाडूंना सुरुवातीलाच किती पॉइंट द्यायचे, ते मी ठरवत होतो. अडलो नित्यापाशी. आमचा जुना चॅम्पियन, पण नुकतीच अँजिओप्लास्टी झालेली. डॉक्टरांनी खेळायला परवानगी दिली होती, तरी मला धास्ती. पॉइंट दिले तर अपमान, नाही दिले तर हा जीव तोडून धावणार. शेवटी अकरा पॉइंटांच्या गेममध्ये पाच दिले.

यादी वाचून तो थेट माझ्याकडेच आला.

"पाच?"

"नित्या, राग मानू नकोस यार..."

"आठ कर," तो हळूच म्हणाला. "धावताना भीती वाटते रे."