टिप्यासाठी वाळवलेलं काळीज

आमच्या सुनंदाक्काचा हट्ट सांगतो, ऐका. गडमुडशिंगीच्या घरी तिचा टिप्या नावाचा कुत्रा होता. मोठ्या दुखण्यातून उठला आणि त्यानं खाणंच सोडलं. दूध-भाकरी नुसती हुंगायचा आणि तोंड फिरवायचा. पार हाडांचा सापळा झालता.

अक्कानं बकऱ्याचं काळीज आणलं, बिनमिठाचं उकडलं आणि त्याचे काप दोरीला ओवून गच्चीवर वाऱ्याला टांगले. काप जाड पडले, आतून ओलेच राहिले आणि वास मारायला लागले. दुसऱ्या खेपेला पातळ कापले, तर घारीनं दोरीसकट पळवले.

"सोड की आता," आमचे आबा ओरडले. "कुत्र्यापायी बापाला ताप!"

"त्यो खाईस्तवर सोडत न्हाय मी!"

तिसऱ्या खेपेला तिनं आबांचीच मच्छरदाणी वर नेऊन बांधली आणि काठी घेऊन राखणीला बसली. काप कडकडीत वाळले. तिनं एक टिप्यापुढं धरला. त्यानं हुंगला, चाटला आणि कडाकडा चावून खाल्ला. मग शेपूट हलवत दुसरा मागितला. अक्काला रडूच फुटलं.

आबांनी टिप्याच्या पाठीवरून हात फिरवला. मग म्हणाले, "उद्याचं काळीज मी आणतो, पोरी."