ज्याचा फॉर्म, त्याचा नंबर

मी काटोलकडची, ताई. घरी ओलिताचं वावर, थोडे संत्र्याचे झाडं, तीन भाऊ अन् मी शेंडेफळ, म्हणून बाबाची लाडाची. बारावीले मले बरे मार्क पडले होते अन् मले मास्तरीण व्हायचं होतं, डी.एड.चा फॉर्म भरला, अन् यादी लागली तसे बाबा स्वतः एसटीनं नागपूरले आले, बोर्डावरची यादी वरून खाली वाचली, मग खालून वर वाचली, घरी येऊन टोपी काढून खुंटीले लावली अन् म्हणे, नाही वं बाई तुह्यं नाव. झालं. विषय संपला. आता दुसरी यादीबी लागते हे आमच्या घरात कोणाले माहीत? पुढे कितीक महिन्यानं बाजारात मैत्रीण भेटली, ती म्हणे, काहून वं, तू आली नाही, तुह्यं नाव तर दुसऱ्या यादीत होतं, वरून चौथं. मी बाबाले कधी सांगितलंच नाही. कायले सांगू? जिवंतपणी मेला असता तो माणूस.

मग मी टायपिंग शिकली, मराठी अन् इंग्रजी दोन्ही, अन् त्या टायपिंगपायीच लग्न जमलं असं म्हणा, कारण आमच्या ह्यांचं नागपुरात सदरमध्ये टायपिंगचं अन् झेरॉक्सचं छोटंसं दुकान होतं अन् त्यायले टाइप करणारी बायको पाहिजे होती. मी चिडवायची त्यायले, तुम्ही बायको नाही केली, मशीन केली. हसायचे बिचारे. माणूस चांगला होता, आवाज चढवून बोलला नाही कधी. मग कॉम्प्युटर आले, ऑनलाइन फॉर्म आले, सगळं ह्यायनंच शिकवलं मले. आमचा सोनू नववीत होता तवा हे गेले. दुकानातच, काउंटरवर डोकं टेकवून. मले वाटलं डुलकी लागली, मी दोन गिऱ्हाईकं करून दिले अन् मग हाक मारली. ते दोन गिऱ्हाईक मले अजून आठवतात, एकाचं आधार होतं अन् एकाची टीसी.

तर तेव्हापासून दुकान माह्यं. जून-जुलै आला की माह्या दुकानात पाय ठेवाले जागा राहात नाही. इंजिनीअरिंगवाले, फार्मसीवाले, मायबाप, मामे, सगळे येतात अन् सगळ्यायचा एकच प्रश्न, मॅडम, यंदा कटऑफ किती लागन? अरे बाप्पा, मी काय ज्योतिषी आहे? लोकायले वाटते कुठंतरी एक साहेब बसला आहे अन् त्यानं आकडा ठरवून ठेवला आहे. कोणी ठरवत नाही गा! लग्नात पंगत बसते का नाही, पाट जेवढे तेवढेच लोक बसन, तर शेवटच्या पाटावर जो बसला त्याचे मार्क म्हणजे त्या कॉलेजचा कटऑफ. तो बसल्यावरच आकडा समजते, आधी नाही. अन् वरचा कोणी उठून दुसरीकडे गेला तर पाट रिकामा होते, मग दुसऱ्या फेरीत कमी मार्कवाल्याचाबी नंबर लागते. म्हणून मी ओरडू ओरडू सांगते, पहिल्या यादीत नाव नाही दिसलं तर घरी जाऊन टोपी खुंटीले लावू नका.

अन् दुसरी गोष्ट सांगते, ती कॉलेजायची यादी भरायची. लोक काय करतात, जे भेटन असं वाटते ते वर टाकतात अन् जे पाहिजे ते खाली. सगळं उलटं! कॉम्प्युटर वरून पाहात येते. एक नंबरवर तुमचा हिशेब बसला की तिथंच कुलूप, पुढच्या फेरीत तुम्हाले कोणी विचारत नाही. म्हणून जे जिवापासून पाहिजे ते एक नंबर. हे मी हजारो पोट्ट्यायले सांगितलं असन. अन् घरच्या पोट्ट्याच्या टायमाले काय केलं, ते आता सांगते. लिहून घ्या, लपवायचं नाही आहे मले.

सोनूले अठ्ठ्याण्णवच्या वर पर्सेंटाइल आले. अवं माय, मी तर दुकानात पेढे वाटले. त्याले मेकॅनिकल पाहिजे होतं अन् पुण्याचं ते मोठं सरकारी कॉलेज पाहिजे होतं, दहावीपासून भिंतीवर चित्र लावून ठेवलं होतं त्याचं. आम्ही दोघं दुकानात बसलो अन् यादी भरली, एक नंबर पुणे, दोन नंबर आपलं नागपूरचं. पुण्याबाहेरच्या पोट्ट्यायले तिथं जागा कमी राहते, कटऑफ चढते, पण टाकाले काय जाते. भरून झालं, फक्त शेवटचं बटन दाबायचं राह्यलं, अन् त्याचा मित्र आला तर सोनू म्हणे, आई, मी अर्ध्या घंट्यात येतो, आल्यावर दाबू.

दुकानात त्या वेळेस कोणी नव्हतं, ताई. कूलरचा आवाज फक्त. मी त्या खुर्चीकडे पाहिलं जिथं हे बसायचे. अन् मग जरीपटक्याच्या आमच्या दोन खोल्या डोळ्यापुढे आल्या, संध्याकाळी कुलूप उघडायचं, लाइट लावायचा, दोन पोळ्या टाकायच्या, अन् बोलायचं कोणाशी? कुकरशी? मी नागपूरचं उचललं अन् एक नंबरवर ठेवलं. पुणे दोन नंबरले गेलं. बटन दाबलं. ओटीपी माह्याच फोनवर आला, कारण त्याच्या सगळ्या फॉर्मवर मीच माहा नंबर टाकला होता, लेकराजवळ कायले नंबर म्हणून. सहा आकडे टाकले. झालं. बाबाची एक यादी चुकली ती अडाणीपणानं चुकली, मी शहाणी असून चुकवली.

सोनू आला, म्हणे, दाबलं का? मी म्हटलं, हाव, वेळ संपत आली होती. प्रिंट कुठं आहे? मी म्हटलं, शाई संपली. झेरॉक्सच्या दुकानात शाई संपली, ऐका! त्या रात्री आलूची भाजी केली होती त्याच्या आवडीची, तर अर्धी ठेवून उठला. मले वाटलं मित्रासोबत समोसे खाऊन आला असन.

नागपूरचं लागलं, पहिल्याच फेरीत. कुलूप. तो म्हणे, ठीक आहे, पुण्याचा कटऑफ वर गेला असन. मी म्हटलं, असन गा. मग दुपारी एकटीनं ती पुण्याची यादी उघडली, चोराच्या मनात चांदणं, दाराकडे पाहू पाहू पाहिली. शेवटच्या पाटावर जे पोट्टं बसलं होतं त्याचे मार्क माह्या सोनूपेक्षा कमी होते. थोडेसेच कमी, पॉइंटच्या पुढचे. पण कमी होते. मी ती खिडकी बंद केली, पुन्हा उघडली, पुन्हा पाहिलं. आकडा कायले बदलते.

चार वर्षं लेकरू घरी राहिलं माह्याजवळ. काय सांगू तुम्हाले, कधी उलटं बोललं नाही, भाजी आणून द्यायचा, सिलिंडर लावून द्यायचा, विचारलं तर बोलायचा. आपल्याहून नाही बोलायचा. एका खोलीत मी टीव्ही पाहून राहिली अन् दुसरीत तो पुस्तक घेऊन. मी एकटी राहू नाही म्हणून ठेवलं त्याले, अन् तो घरात असताना जेवढं एकटं वाटलं तेवढं हे गेले तवाबी नव्हतं वाटलं. चेन्नईले नोकरी लागली. जायच्या दिवशी ब्याग भरता भरता, मान खाली घालूनच म्हणे, आई, त्या वर्षी पुण्याचा शेवटचा पोट्टा माह्याखाली होता. माह्या हातातला डबा तसाच राहिला. मी म्हटलं, तुले कधी समजलं? तो म्हणे, तू बदललेली यादी तर मी त्याच संध्याकाळी पाहिली होती, मित्राच्या फोनवर लॉगिन करून. मी म्हटलं, मग काहून नाही बोलला रे? भांडायचं, आपटायचं काहीतरी. तर म्हणे, बाबा नव्हते ना. तू एकटी होती.

मले रागावला असता तर बरं झालं असतं. मी डबा भरला, त्यात चकल्या टाकल्या. माफी मागाले तोंड उघडलंच नाही. गाडी गेली तरी नाही.

त्यानंतर दुकानात मी नियम केला, भिंतीवर मोठ्या अक्षरात लिहून ठेवलं, ते पाहा, तुमच्या मागं. ज्याचा फॉर्म त्याचाच मोबाईल नंबर. बटन पोट्ट्यानं आपल्या बोटानं दाबायचं. बापानं नाही, मामानं नाही, मी तर नाहीच नाही.

सोनूचे फोन रविवारी येतात. जेवली का, हाव, तू जेवला का, हाव, तब्येत, बरी आहे. संपला फोन. पण एक होतं, त्यानं कॉलेजात उघडलेलं बँकेचं खातं माह्याच नंबरवर होतं, तर मधातच टिंग वाजायचं अन् लगेच त्याचा फोन, आई, ओटीपी सांग. मी सहाच्या सहा आकडे हळू हळू सांगायची. मुद्दाम. एखादा आकडा पुन्हा विचाराले लावायची. हसा, हसा. बुधवार असो का गुरुवार असो, लेकराचा आवाज यायचा ना मधातच.

यंदा जुलैत उमरेडकडची एक बाई आली पोरीले घेऊन. पोरगी कागद झेरॉक्स कराले मागं गेली तशी बाई काउंटरवर वाकली अन् हळूच म्हणे, ताई, नागपूरचं एक नंबरले टाका ना, मुंबईचं खाली घाला, तिले नका सांगू, तिचा बाप नाही, मी एकटी पडन वं. मी तिच्या तोंडाकडे पाहातच राहिली. मग पोरीले हाक मारली, स्क्रीन तिच्याकडे वळवली अन् पूर्ण यादी मोठ्यानं वाचाले लावली. एक नंबर मुंबई. तिच्याच फोनवर ओटीपी, तिचंच बोट. बाईनं माह्याकडे असं पाहिलं जसा मी तिचा घास काढून घेतला. जाता जाता म्हणे, तुम्हाले लेकरं नसतील. मी पोरीच्या हातात प्रिंट दिली.

दुसरी फेरी लागली त्या रविवारी सोनूले हे सगळं सांगितलं, अन् सांगता सांगता निघूनच गेलं तोंडातून, सोनू, माह्यं चुकलं रे, तुह्यं पुणे मी खाल्लं. तो म्हणे, त्या पोरीचा नंबर लागला का? मी म्हटलं, लागला, मुंबईलेच, दुसऱ्या फेरीत. तो म्हणे, बरं केलं आई. अन् मग म्हणे, तिच्या आईले बोलावत जा चहाले, एकटी असन ती. रागबी नाही अन् माफबी नाही, काय होतं आवाजात मले सांगता येत नाही. पण त्या दिवशी फोन दहा मिनिटं चालला, मी घड्याळात पाहिलं.

मी पोरीच्या नंबरवर फोन करून निरोप दिला, तशी ती बाई येते आता, महिन्यातून एकदा, कामाले नागपुरात आली की त्या स्टुलावर बसते. आम्ही दोघी चहा पितो अन् पोट्ट्यायचं बोलतो. बोलायले तेवढंच आहे.

अन् मागच्या महिन्यात मेसेज आला, या खात्याचा मोबाईल नंबर बदलला आहे म्हणून. मी घाबरून त्याले फोन लावला, मले वाटलं कोणी फसवलं. तर तो म्हणे, नाही आई, मीच बदलला. मी म्हटलं, काहून रे, मी देतच होती ना ओटीपी? तर हसला थोडासा, किती दिवसानं हसला, अन् म्हणे, आई, तूच लिहिलं ना भिंतीवर.

मी म्हटलं, हाव रे बाबा. बरोबर आहे.

थांबा, फोन वाजला. ... नाही, सिलिंडरचा मेसेज आहे. घ्या, चहा घ्या ताई, निवून राहिला. पोट्टे जिथं आहेत तिथं सुखी राहो, सगळ्यायचे.